डोस वाढवण्याआधी मोजा

पांढुर्णा आणि सौसरच्या बाजारपेठेत इन्सुलिन शोधत फिरावं लागत नाही. माणसांच्या शुगरने ग्लुकोमीटर, पट्ट्या, सुया हे सगळं मेडिकलच्या काउंटरवर आणून ठेवलं आहे आणि 'उपाशीपोटीची', 'जेवणानंतरची' हे हिशेब म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही तोंडपाठ झाले आहेत. पण हाच आजार घरातल्या बोक्यालाही होतो म्हटलं, तर ऐकणारा आधी हसतो. आजार खरा आहे. उतारवयाकडे झुकलेला, जाड झालेला, नसबंदी केलेला, घरातच लोळणारा बोका त्याच्या तावडीत सर्वांत आधी सापडतो. तो पाणी फार पिऊ लागतो, त्याची मातीची पेटी सारखी ओली राहते, भरपूर खाऊनही पाठीची हाडं हाताला लागू लागतात आणि आजार जुना झाला की मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवत चालतो. निदान झालं की इन्सुलिन सुरू होतं, आणि बऱ्याच घरांची खरी अडचण तिथून पुढची असते. आकडा आज चारशे, परवा नव्वद, पुन्हा साडेतीनशे. 'शुगर बसत नाही' म्हणून डोस एका युनिटवरून दोनवर, दोनवरून चारवर जातो. माझं म्हणणं असं की या टप्प्यावर बहुतेकदा डोस वाढवायचा नसतो, मोजणी वाढवायची असते. आणि ही मोजणी नागपूरच्या दवाखान्यापेक्षा पांढुर्ण्याच्या घरात जास्त चांगली होते.

दवाखान्यातला आकडा मांजराच्या बाबतीत का फसवतो, याचं कारण त्याच्या शरीरात आहे. भ्यालेल्या, धडपडणाऱ्या मांजराच्या रक्तात ॲड्रिनलिनच्या जातीची संप्रेरकं उसळतात आणि साखर भराभर चढते. ऑस्ट्रेलियातल्या जॅकी रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धडधाकट मांजरांवर पाच मिनिटं पाण्याचा फवारा मारला होता. तेवढ्याने साखर चढली आणि मूळ पातळीवर उतरायला दीड तासाच्या आसपास वेळ गेला. ज्यांनी जास्त झटापट केली, त्यांची जास्त चढली. आता पांढुर्ण्याहून नागपूरचा प्रवास बघा. अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं, सौसरहून त्याहूनही कमी. पण मांजराला किलोमीटर कळत नाहीत. त्याला बंद पिशवी, गाडीचे हादरे आणि दवाखान्याच्या बाकाशी बांधलेला परका कुत्रा कळतो. तिथे आलेल्या साडेतीनशेत आजार किती आणि भीती किती, हे उत्तम डॉक्टरलाही सांगता येणार नाही. त्या आकड्यावर डोस वाढवला, की घरी परतून निवांत झोपलेल्या मांजराच्या अंगात तो जादा डोस आपलं काम करतच राहतो.

शिवाय एकट्या आकड्याला तसा फारसा अर्थ नसतो. इन्सुलिनचा जोर दिवसभर सारखा राहत नाही. सुईनंतर काही तासांनी साखर सर्वांत खाली येते आणि पुढच्या सुईपर्यंत पुन्हा चढते. दर दोन तासांनी थेंब घेऊन डॉक्टर जी कमान काढतात, तिच्यात पाहायचा असतो तो तळ. सकाळी सुईआधी चारशे दाखवणाऱ्या मांजराचा दुपारचा तळ दोनशे असू शकतो आणि सत्तरही. सत्तरवाल्याचा डोस वाढवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं, आणि सकाळचा आकडा तर दोघांचाही सारखाच. त्यात झुरिकच्या पशुवैद्यकांनी २००७ मध्ये मधुमेही मांजरांच्या घरीच काढलेल्या कमानी ताडून पाहिल्या, तेव्हा डोस तोच असूनही एका दिवसाची कमान दुसऱ्या दिवसाशी जुळत नव्हती. मग नागपूरच्या एका दिवसावर पुढच्या महिन्याचं इन्सुलिन कसं ठरवायचं? माणसांची 'तीन महिन्यांची शुगर' मांजरांत रुळलेली नाही. तिथे फ्रुक्टोसामीन नावाची चाचणी मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही, म्हणून ती कामाची आहे. पण सरासरी ती सरासरीच, खोल गेलेला तळ तिच्यात झाकला जातो.

घरच्या मोजणीच्या बाजूचा सर्वांत ठळक पुरावा २००९ सालचा आहे. किर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी ५५ मधुमेही मांजरांची माहिती मांडली. ग्लार्जिन हे माणसांचंच लांब पल्ल्याचं इन्सुलिन, दिवसातून अनेक वेळा घरीच घेतलेला रक्ताचा थेंब, आणि त्या आकड्यांवरून अगदी थोडाथोडा बदलणारा डोस, अशी ती पद्धत. ६४ टक्के मांजरं पुढे इन्सुलिनशिवाय राहू लागली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू केलेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होतं, उशिरा सुरू केलेल्यांत ३५ टक्के. यावर शंका घेणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं: ही माणसं हौशी आणि चिकाटीची होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि प्रत्येक मालकाकडून एवढं होणार नाही. ८४ हा आकडा म्हणून वचन समजू नये. पण एवढं तर त्यातून ठरतंच की घरात, सामान्य माणसाच्या हातून, मांजराची साखर मोजता येते आणि सांभाळताही येते. त्यातला दुसरा धडा जास्त मोलाचा आहे. मांजराचा आजार शमू शकतो, आणि शमू लागला की त्याला लागणारं इन्सुलिन कमी होत जातं. 'अचानक नव्वद कसे आले?' याचं उत्तर कित्येकदा हेच असतं. न मोजणारा मालक अशा वेळी जुनाच डोस टोचत राहतो, आणि ज्या मांजराची सुई सुटायच्या बेतात असते तेच फिट येऊन मरतं.

मोजायला लागलं की आणखी काही गोष्टी उघड्या पडतात, आणि त्यांतल्या बऱ्याच औषधाच्या नसतातच. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत विकलं जातं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. सिरिंजही दोन, लाल टोपीची ४० साठी आणि नारिंगी टोपीची १०० साठी. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने भरलं तर डोस अडीचपट होतो. उलट केलं तर निम्म्याहूनही कमी. सत्तर किलोच्या माणसाला वीस युनिट लागत असतील तर दोन-चार रेघांची चूक खपून जाते. चार-साडेचार किलोच्या मांजराची सुरुवातच बहुधा दिवसातून दोनदा एकेका युनिटने होते, त्यामुळे तिथे एक रेघही फार झाली. एकदा एक सिरिंज, दुसऱ्यांदा दुकानात मिळेल ती दुसरी, असं चाललं तर साखर बसणार कुठून? मग उन्हाळा. मे महिन्यात या पट्ट्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, आणि वापरात असलेली ग्लार्जिनची बाटली तीस अंशांच्या वर ठेवायची नसते. नागपूरहून तापलेल्या गाडीत आणलेली बाटली दिसायला स्वच्छ असते, पण तिचा गुण गेलेला असू शकतो. बर्फाच्या खणात ठेवून गोठवलेलीही तशीच वाया जाते. फ्रिजच्या दारात ठेवावी, वीज फार वेळ जाणार असेल तर ओल्या मडक्यात. माणसांच्या बाटल्या सांभाळणाऱ्या घरांना हे सांगायला नको. सुई कातडीऐवजी केसांतच रिकामी होणं, रोज त्याच जागी टोचल्याने तिथली कातडी जाड होणं, सकाळची सुई सातला आणि संध्याकाळची कधी सहाला तर कधी दहाला, ही यादी अजून वाढवता येईल. यांतली कुठलीही चूक डोस वाढवून दुरुस्त होत नाही. उलट बाटली बदलते, सुई नीट बसते आणि तोवर वाढवून ठेवलेला डोस एकदम अंगात लागू होतो.

खाण्याचा प्रश्न इथे जरा अवघड आहे. मांजर पक्कं मांसाहारी जनावर. त्याच्या लाळेत पिष्टमय पदार्थ फोडणारं विकर नाही, आणि जेवणातून एकदम आलेली साखर सामावून घेण्याची त्याच्या यकृताची ताकद आपल्यापेक्षा फार कमी. आपल्या घरांत मात्र त्याच्या ताटलीत दूध-पोळी, वरण-भात, नाहीतर पाकिटातली कोरडी बिस्किटं पडतात. या बिस्किटांतही पिष्टाचं प्रमाण बरंच असतं. दूध-पोळीने मधुमेह होतो असं मी म्हणत नाही. उंदीर मारून वर दूध-पोळी खाणारी मांजरं गावोगाव ठणठणीत आहेत. पण आजार जडलेल्या मांजराच्या ताटलीतून पोळी-भात कमी करून मांस, मासळी, अंडं वाढवलं की इन्सुलिनची गरज अनेकदा भराभर उतरते, आणि म्हणूनच हा बदल डॉक्टरला सांगून, मोजत मोजत करायचा असतो. शाकाहारी घरांची अडचण मी कमी लेखत नाही. पण सुई चालते आणि उकडलेलं अंडं चालत नाही, याचा भुर्दंड मांजराला पडतो. घरात शिजवायचं नसेल तर ओल्या मांसाची तयार पाकिटं मिळतात. तेही नको असेल तर निदान जेवणाची वेळ आणि माप रोज तेच ठेवा आणि डॉक्टरला खरं काय ते सांगा.

एवढं सगळं नीट असूनही आकडा उतरत नसेल, तेव्हा मोजणीच पुढचा प्रश्न विचारायला लावते: इन्सुलिनला अडवणारं दुसरं काही आहे का? सडलेले दात, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज ही नेहमीची कारणं. खाजेसाठी दिलेलं लांब टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन, माजावर येऊ नये म्हणून दिलेली हार्मोनची औषधं हीसुद्धा इन्सुलिनची वाट अडवतात, आणि मागच्या डॉक्टरने काय टोचलं याची चिठ्ठी मालकाकडे क्वचितच असते. आणखी एक कारण कित्येक वर्षं दुर्मीळ मानलं जात होतं. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने बाराशेहून अधिक मधुमेही मांजरांची रक्तं तपासून २०१५ मध्ये असं मांडलं की ब्रिटनमधल्या साधारण दर चौथ्या मधुमेही मांजरात वाढीचं संप्रेरक जास्त स्रवत असावं. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत बहुधा एक छोटी गाठ असते आणि इन्सुलिन कितीही टोचलं तरी ती पुरून उरते. डोस चढत चाललेला असताना मांजराचं वजन मात्र वाढतं आहे, डोकं-पंजे मोठे दिसू लागले आहेत, अशा वेळी ही शंका घ्यायलाच हवी. रोजच्या आकड्यांची वही नसेल तर ती येते फार उशिरा.

आक्षेप दोन बाजूंनी येतात. पहिला, माणसांचं मीटर मांजराला चालत नाही. हे अर्धं खरं आहे. मांजराच्या रक्तात साखर तांबड्या पेशींत आणि पेशींबाहेरच्या द्रवात वाटली जाते ती माणसासारखी नाही, त्यामुळे आपलं मीटर बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. प्राण्यांसाठी वेगळी मीटरं आहेत, पण ती आणि त्यांच्या पट्ट्या इथे सहज मिळत नाहीत. मात्र २००९ च्या त्या अभ्यासातली लक्ष्यं माणसांच्याच मीटरवर बेतलेली होती. मीटर शेवटपर्यंत एकच ठेवलं आणि कुठलं आहे ते डॉक्टरला सांगितलं, की चढउताराची दिशा त्यावर नीट कळते. कमी दाखवण्याकडे झुकणारं मीटर निदान माणसाला डोस वाढवण्याची घाई करू देत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अडाणी हातांत इन्सुलिनचे निर्णय द्यायचे का? नाही. मोजायचं मालकाने, ठरवायचं डॉक्टरने. पण इन्सुलिन तर आजही मालकच टोचतो आहे, तेही आकडा न बघता. डोळे बांधून टोचणारा हात मोजून टोचणाऱ्या हातापेक्षा सुरक्षित कसा? मालकाने स्वतः ठरवायच्या गोष्टी थोड्याच. मांजर जेवलं नसेल, ओकत असेल, किंवा सुईआधीचा आकडा नेहमीपेक्षा फार खाली असेल, तर नेहमीचा डोस न टोचता आधी फोन करायचा. मांजर झोकांड्या खाऊ लागलं, थरथरलं, झटके आले तर ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून किंवा मध घेऊन हिरड्यांवर चोळायचा, घशात ओतायचं नाही, आणि लगेच दवाखाना गाठायचा.

खर्चाची बाजू मांडणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. बारा तासांची कमान म्हणजे सात पट्ट्या, कानाच्या कडेच्या बारीक शिरेतून सात थेंब. त्यांची किंमत नागपूरच्या एका फेरीपुढे काहीच नाही. 'माणसांना मिळत नाही तिथे मांजराला कशाला' असंही विचारलं जातं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अभ्यासाने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचं सांगितलं, तेव्हा प्रश्न रास्त आहे. पण मांजराचं एक युनिट कोणा माणसाच्या वाट्यातून जात नाही. आणि देणंच काढायचं तर मांजराचंही माणसावर आहे: दीर्घ मधुमेहात स्वादुपिंडाच्या पेशींभोवती साठणारं प्रथिन १९८७ साली ओळखलं गेलं, ते माणसाच्या एका गाठीतून आणि मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडातून. राहिली सुईला कंटाळून गोळीकडे वळण्याची गोष्ट. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातली मांजरांची दोन औषधं अमेरिकेत डिसेंबर २०२२ आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली. ती अन्यथा निरोगी आणि पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहेत, कारण या औषधावर साखर जवळपास ठीक दिसत असतानाही रक्तात जीवघेणं आम्ल साठू शकतं. त्याच गटातल्या माणसांच्या गोळ्या आता स्वस्त झाल्या आहेत. आजोबांच्या पाकिटातली पाव गोळी बोक्याला देऊन बघण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

५ ऑक्टोबर २०२३ ला छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात सौसर तालुका आला. नव्या जिल्ह्याकडे लोक मोठमोठ्या इमारती मागतात. मांजरांसाठी तज्ज्ञ दवाखाना मागावा असं मी म्हणणार नाही. गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांवर संसार चालणाऱ्या भागात सरकारी पशुवैद्यक आधी त्यांच्याकडेच जाणार, आणि जावं. पण पांढुर्णा आणि सौसरच्या जनावरांच्या दवाखान्यांत एकेक ग्लुकोमीटर, दोन्ही टोप्यांच्या सिरिंजमधला फरक समजावणारा एक कागद, मालकाला कान टोचायला शिकवणारी पंधरा मिनिटं आणि रक्ताचा नमुना पुढे पाठवायची सोय, एवढं मागणं जास्त नाही. तपासण्या आणि सल्ल्यासाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या राज्यातल्या जबलपूरपेक्षा कितीतरी जवळ आहे. भाषाही तीच. राज्याची सीमा मध्ये आहे म्हणून सरकारी कागद अडेल, वहीच्या पानाचा फोनवरून पाठवलेला फोटो अडत नाही. मांजराने महिन्यातून एकदा नागपूरला जाण्यापेक्षा त्याचे आकडे आठवड्यातून एकदा गेलेले बरे.

मोजूनही न बसणारी मांजरं उरतीलच, विशेषतः ती गाठवाली. त्या गाठीवरची शस्त्रक्रिया जगात मोजक्याच ठिकाणी होते. आपल्या मालकाला तो रस्ता नाही. तिथे शंभर-सव्वाशेचा हट्ट धरणंच धोक्याचं, कारण गाठीचा जोर कमी-जास्त होतो आणि चढवलेला डोस एखाद्या दिवशी उलटतो. अशा मांजराची साखर दिवसातला बराच वेळ दोनशे ते तीनशेच्या दरम्यान राहिली तरी ते जगू शकतं: मूत्रपिंडातून साखर सांडू लागण्याची त्याची पातळी माणसापेक्षा बरीच वर, साधारण अडीचशेच्या पुढे आहे. तिथे बघायचं ते वेगळं. पाण्याचं भांडं दिवसाला किती वेळा भरावं लागतं, वजन टिकून आहे का, ते ओट्यावर उडी मारतं का, अंग चाटून साफ ठेवतं का. मांजराला शांतपणे निरोप द्यायचा का, हा प्रश्नही याच नोंदी समोर ठेवून डॉक्टरशी बोलायचा आहे. मीटरवर एका दिवशी पाचशे दिसले म्हणून तो निर्णय घेऊ नये, आणि आठवडाभर मांजर ताटलीकडे वळलंच नाही तर मीटरवर दीडशे दिसतात म्हणून लांबवूही नये.